खानदेशचा उन्हाळा: अंदाज उघडलात की आधी वारा बघा

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके टांगले जातात तेव्हा जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. त्याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी सातपुड्याकडून आभाळ भरून येतं. चार थेंब पडतात, अंगणातली धूळसुद्धा धड बसत नाही, आणि सकाळी रावेर-यावलकडे केळीचे मळे आडवे झालेले दिसतात. मोबाइलमध्ये पाऊस 'दोन मिलिमीटर' दाखवला होता आणि तो तेवढाच पडला. अंदाज चुकलेला नसतो. आपण चुकीचा आकडा बघितलेला असतो. इथल्या उन्हाळी वादळात नुकसान करतो तो वारा, आणि पावसाच्या आकड्यावरून वाऱ्याचा पत्ता लागत नाही.

यामागचं गणित सोपं आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) यांतला फरक घ्यायचा आणि त्याला १२५ ने गुणायचं. ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर बनेल ते कळतं. एप्रिलमध्ये दुपारी ४२ अंश आणि दवबिंदू १४ असेल तर फरक २८, म्हणजे ढगाचा तळ साडेतीन किलोमीटर वर. तिथून निघालेला पाऊस साडेतीन किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून खाली येतो. बराचसा वाटेतच वाफ होऊन जातो आणि वाफ होताना भोवतालची हवा गार करतो. गार हवा जड असते. ती दगडासारखी खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. धुळीची भिंत घेऊन आधी येतो तो हाच झोत. मे संपताना दवबिंदू २२ पर्यंत चढतो, फरक २० वर येतो आणि ढगाचा तळ अडीच किलोमीटरपर्यंत उतरतो. वाटेत कमी पाणी उडतं, जास्त जमिनीवर पोचतं. म्हणून एप्रिलचं वादळ धुळीचं आणि रोहिणीतलं पाण्याचं. वारा दोन्हींत असतो, पण कोरड्या वादळाला लोक हलक्यात घेतात.

आता अंदाज कुठला आणि कसा वाचायचा. हवामान विभाग फेब्रुवारीच्या शेवटी मार्च ते मे या काळाचा आणि मार्चच्या शेवटी एप्रिल ते जूनचा अंदाज देतो. 'तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता' ही त्यातली ओळ तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल असते. बियाणं, चारा, पाणी यांचं मोठं नियोजन तिच्यावर करावं. अमुक आठवड्यात वादळ येईल का, हे तिच्यात शोधू नये. दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज येतो, तो त्याहून कामाचा. जिल्हावार पाच दिवसांचा इशारा रोज बघायचा आणि आभाळ भरलं की तीन तासांचा तातडीचा इशारा.

खानदेशाची एक अडचण नीट समजून घ्यायला हवी. हवामान विभागाच्या नकाशात जळगाव, धुळे, नंदुरबार हे 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतात, कोल्हापूर-साताऱ्यासोबत. त्यामुळे 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस' हे वाक्य टीव्हीवर ऐकून काहीच कळत नाही. जिल्ह्याचा तक्ताच उघडावा लागतो. 'तुरळक' याचा अर्थ थोडासा पाऊस असा नाही. एकूण केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, एवढाच त्याचा अर्थ. त्या तुरळक ठिकाणांत आपलं गाव आलं तर तिथे ते वादळ पूर्ण ताकदीचंच असतं. याच वाक्याच्या शेवटी 'ताशी ४० ते ५० किमी वेगाने सोसाट्याचा वारा' असं लिहिलेलं असतं. बागाईतदाराने बोट ठेवायचं ते तिथे.

उष्णतेच्या इशाऱ्याचंही असंच आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा सरळ ४५ गाठलं असेल, तर उष्णतेची लाट धरतात. नाशिकची मे महिन्याची सरासरीच ३७-३८ च्या आसपास, त्यामुळे तिथे ४२-४३ ला लाट होते. जळगावची सरासरी ४२ च्या घरात. आठवडाभर ४४ राहिलं तरी कागदोपत्री लाट नाही. इशारा नाही म्हणून मजूर दुपारी दोनला कापणीला उतरवावेत, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

वादळाची शक्यता सकाळीच ताडता येते. खानदेशचं नेहमीचं ऊन कोरडं असतं, घाम अंगावर टिकत नाही. ज्या दिवशी सकाळी आठलाच अंग चिकचिकतं आणि दवबिंदू रोजच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर दिसतो, त्या दिवशी बंगालच्या उपसागराकडची ओल विदर्भ ओलांडून आपल्यापर्यंत पोचलेली असते. वायव्येकडची कोरडी हवा आणि ही ओल एकमेकींना भिडतात ती रेषा खानदेशावर असेल तर दुपारनंतर ढग उठणारच. एक-दोनच्या सुमारास पश्चिमेचा झळांचा वारा अचानक पडतो, सातपुड्याच्या माथ्यावर फुलकोबीसारखे ढग चढू लागतात. त्यांचा माथा ऐरणीसारखा चपटा पसरला की ढग पक्का झाला. धोक्याचा काळ साधारण तीन ते आठ.

केळीचं झाड वाऱ्याला इतकं का बळी पडतं, हे एक झाड जवळून पाहिलं की कळतं. खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, त्यात लाकूड नाही. मुळांचा मोठा भाग वरच्या फूट-दीड फूट मातीत. डोक्यावर दहा-बारा रुंद पानं शिडासारखी, आणि एका बाजूला झुकलेला वीस-पंचवीस किलोचा घड. घड भरलेला असताना झाड एकतर मधून मोडतं नाहीतर मुळासकट कलंडतं. मोडलं तर वजन जास्त आणि आधार नव्हता. कलंडलं तर माती ढिली होती, बहुतेक वेळा नुकतंच भरपूर पाणी दिलेलं असतं. म्हणून इशाऱ्याच्या दिवसांत पाणी तोडू नये, ४३ अंशांत ते परवडणार नाही, पण ठिबक पहाटे आणि रात्री थोडं-थोडं चालवावं, दुपारी वाफा चिखल करून ठेवू नये.

आधार घड ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूने द्यायचा. बांबू लावलात तर तो घडाच्या दांड्याखाली, मानेपाशी टेकला पाहिजे. खोडाच्या मध्यावर टेकवलेला बांबू झाड तिथेच मोडायला मदत करतो. पट्टीने बांधायचं असेल तर मानेपासून घडाच्या उलट दिशेच्या झाडाच्या बुंध्याला ताण द्यावा. बांधावरची शेवरी जूनमध्ये लागवडीसोबतच लावली तर एप्रिलपर्यंत कामाची उंची गाठते. तिच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वारा सौम्य होतो. ती थोडी विरळच हवी. ताडपत्री किंवा पत्र्याची बंद भिंत उभी केली तर वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो आणि आतली पहिली ओळच पाडतो. हिरवी जाळीही निम्मा वारा जाऊ देणारी घ्यावी. पश्चिमेला लावून थांबू नये, कारण वादळाचा झोत ढग जिकडे असेल तिकडून येतो. यावल-रावेरमध्ये उत्तरेची बाजू मोकळी ठेवणं महागात पडतं.

बाग पडलीच तर आवरायची घाई करू नका. आधी फोटो, तारीख आणि ठिकाण उमटेल असे. फळपीक विमा असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. वादळाचा पट्टा कधी कधी दोन-तीन किलोमीटरच रुंद असतो. महसूल मंडळातलं हवामान केंद्र त्याच्या बाहेर राहिलं तर तिथे वाऱ्याची नोंदच होत नाही. अशा वेळी तुमची सूचना आणि पंचनामा हाच पुरावा.

विजेबद्दल थोडक्यात, पण हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज तेवढ्या किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर शेत सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. कडुनिंबाखाली थांबू नका. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत पसरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाला बांधलेली जनावरं आधी जातात. त्यांना आधीच सोडून गोठ्यात घ्या. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड सुरक्षित नाही, काचा लावलेली गाडी सुरक्षित आहे. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला आणि तारेच्या कुंपणाला हात लावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडत असेल तर सूचना देतं. सालदाराच्या फोनवरही ते घालून द्या.

वादळानंतरची रात्र लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जड जाते, आणि याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगला कूलर साधारण २७ अंशांची हवा देतो. पाऊस पडून गेला, तापमान ३८ वर आलं आणि आर्द्रता ४० टक्के झाली, की तोच कूलर २९ ची दमट हवा फेकतो. ऊन पाच अंशांनी उतरलं आणि खोली मात्र तापली. अशा वेळी समोरची खिडकी पूर्ण उघडावी. खिडकी बंद ठेवली तर ओल कोंडते आणि घाम सुकत नाही. थकवा, पेटके येत असतील तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस बरळू लागला किंवा अंग भाजल्यासारखं तापलं तर तोंडाने काही पाजू नका. ओल्या चादरीत घ्या, वारा घाला, १०८ ला फोन करा.

रोहिणीतला जोरदार पाऊस कापूस लावणाऱ्यांना भुलवतो. तो ढगाखालच्या पट्ट्यापुरता असतो, आणि मोसमी पाऊस खानदेशात यायला जूनचा मध्य लागतो. मधल्या पंधरवड्यात पुन्हा ४१-४२ ची ऊनं पडतात आणि उगवलेलं रोप करपतं. कोरडवाहू पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला हवा. पर्जन्यमापक नसेल तर खुरप्याने वीतभर उकरा, तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला नाही तर ओल खाली गेलीय. वरचे चार बोटच ओले असतील तर पिशवी उघडू नका.