गिटार सुरातच होती

रत्नागिरीत श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला आता एकोणीस वर्षे होत आली. चिरेखाणीत दगड कापणाऱ्या यंत्रावर उभे राहणारे कामगार, ट्रॉलरच्या इंजिनापासून हातभर अंतरावर झोपणारे खलाशी आणि अलीकडे डीजेच्या गाडीमागे नाचून आलेली मुले असे लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांची तक्रार बहुधा दोनच प्रकारची असते. ऐकू कमी येते, नाहीतर कानात आवाज येतो. त्यामुळे जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी एकवीस वर्षांचा एक मुलगा आईला सोबत घेऊन माझ्यासमोर बसला आणि “मॅडम, माझी गिटार सुरात आहे, पण मला ती बेसूर ऐकू येते,” असे म्हणाला, तेव्हा मी हातातले पेन खाली ठेवले.

शनिवारी संध्याकाळी शहरातल्या एका मैदानावर रॉक संगीताचा कार्यक्रम झाला होता. आपल्याकडे असे कार्यक्रम क्वचितच होतात. ज्यांना या संगीताची आवड आहे, त्यांना एरवी मुंबई-पुण्याची किंवा गोव्याची गाडी पकडावी लागते. म्हणून हा मुलगा आणि त्याचे मित्र दुपारी चारपासूनच फाटकाशी थांबले होते आणि आत सोडताच धावत जाऊन त्यांनी बॅरिकेडला लागून जागा पटकावली होती. ती जागा रंगमंचावरच्या कलाकारांच्या उजव्या अंगाला होती, म्हणजे स्पीकरची उंच चवड त्याच्या डाव्या हाताला, जेमतेम चार-पाच मीटरवर होती. तेथे तो सुमारे तीन तास उभा राहिला. घरी परतताना कानांत कापूस कोंबल्यासारखे वाटत होते आणि रातकिड्यांसारखा एकसुरी आवाज चालू होता, पण त्याला त्याचे काही वाटले नाही, कारण बँडच्या सरावानंतरही असे होत असे आणि सकाळपर्यंत सगळे पूर्ववत होत असे. या वेळी मात्र रविवारची सकाळ झाली, दुपारही झाली, तरी रातकिडे काही थांबेनात. संध्याकाळी त्याने गिटार जुळवायला घेतली, तर वरच्या फ्रेटवरचे, म्हणजे उंच सूर त्याला खटकू लागले. ट्यूनरवर काटा अगदी मधोमध होता. त्याने तार बदलली, तरीही तेच. शेवटी त्याने फोनवरच्या पियानोची एक अगदी वरची पट्टी दाबून फोन आधी उजव्या आणि मग डाव्या कानाला लावला, तेव्हा डाव्या कानात तोच सूर जवळजवळ पाव स्वर चढा असल्याचे त्याच्या लक्षात आले. त्या रात्री तो झोपला नाही, असे आईने सांगितले.

मी आधी ऑटोस्कोपने दोन्ही कान पाहिले. मळ नव्हता, पडदे स्वच्छ होते. पडद्याच्या हालचालीची चाचणीही ठीक आली. नंतर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून त्याच्या कपाळावर टेकवला आणि आवाज कोणत्या बाजूला येतो असे विचारले, तर तो म्हणाला, “मध्येच.” म्हणजे फोर्कला बिघाडाचा पत्ताच लागला नाही. तो लागणारही नव्हता, कारण ५१२ हर्ट्झ हा सूर पियानोच्या साधारण मधल्या भागात येतो आणि माझा संशय त्याच्या कितीतरी वरच्या पट्ट्यांवर होता.

ध्वनिरोधक खोलीत त्याला बसवून मी जाड दार लावून घेतले. काचेपलीकडे तो डोळे मिटून बसला होता, आणि बारीकसा सूर ऐकू आला की हातातले बटण दाबत होता. वादकांची श्रवणचाचणी घेणे सोपे असते. ते अंदाजाने बटण दाबत नाहीत. या आलेखात डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी. हजार हर्ट्झपर्यंत दोन्ही कानांचे आलेख शून्य ते दहा डेसिबलच्या पट्ट्यात सरळ चालले. दोन हजारांवर डावा कान पंचविसावर आला, तीन हजारांवर पंचेचाळीस, चार हजारांवर पंचावन्न, सहा हजारांवर चाळीस, आणि आठ हजारांवर पुन्हा वीस. कागदावर हे बिंदू जोडले की चार हजारांपाशी एक खाच दिसते. ही खाच म्हणजे मोठ्या आवाजाने कानावर केलेली सही आहे. चिरेखाणीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या कामगारांच्या आलेखांत ती मी शेकडो वेळा पाहिली आहे, आणि त्यांच्यातल्या कोणी स्पीकरजवळची जागा मिळावी म्हणून दुपारी चारपासून रांग लावली नव्हती, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. उजव्या कानालाही खाच होती, पण उथळ. मग मी तीन हजार हर्ट्झचा एकच सूर आळीपाळीने दोन्ही कानांना ऐकवला. त्याने डोळे उघडले, डाव्या कानाकडे बोट दाखवले आणि अंगठा वर केला, म्हणजे तेथे सूर चढा.

दोन कानांना एकच सूर वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येणे याला आमच्या शास्त्रात डिप्लाक्युसिस म्हणतात. आतल्या कानातल्या शंखासारख्या वेटोळ्यात, म्हणजे कॉक्लियात, प्रत्येक उंचीच्या सुराची जागा ठरलेली असते. उंच सूर दाराशी आणि खर्जातले सूर आत टोकाशी. प्रत्येक कानात सुमारे बारा हजार बाह्य केशपेशी असतात आणि त्या आपापल्या जागचे कंपन वाढवून, नेमके करून पुढे पाठवतात. प्रचंड आवाजाने त्यांतल्या काही थकतात, तर काही मरतात. थकलेल्या पेशी काही तासांत किंवा दिवसांत सावरतात, परंतु मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या उगवतात, माणसांत नाही. जेथे पेशी मंदावल्या आहेत तेथे मेंदूला सुराचा पत्ता किंचित चुकीचा कळतो, आणि सुरात असलेली तार बेसूर वाटू लागते. आईने विचारले, “म्हणजे कान धुऊन काढला तर जाणार नाही?” मी नाही म्हटले. त्यांनी पदराने कपाळ पुसले आणि पुढे काही विचारले नाही.

मुलगा मात्र बोलत राहिला. घाबरलेली माणसे कधीकधी माहिती सांगत सुटतात. १९७६ साली लंडनमध्ये द हू या बँडच्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल मोजले गेले होते आणि गिनीज बुकात त्याची नोंद होती, असे तो सांगू लागला. ते खरेच आहे. मी त्याला त्यापुढचा भाग सांगितला. गिनीजने पुढे सर्वांत मोठ्या आवाजाचा हा विक्रम नोंदवणे बंद केले, कारण त्यामुळे लोक आपले कान घालवायला प्रवृत्त होतील अशी भीती होती. त्या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड कानांच्या त्रासाविषयी अनेक वर्षे उघडपणे बोलत आला आहे. एसी/डीसी या बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली डॉक्टरांनी सांगितले की दौरा थांबवला नाही तर पूर्ण बहिरेपण येण्याचा धोका आहे, आणि त्याला दौरा अर्धवट सोडावा लागला. यावर मुलगा गप्प झाला. मला हे सगळे कसे ठाऊक, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता, म्हणून कबूल करून टाकले की मुंबईत शिकत असताना मीही धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात असे कार्यक्रम पाहिले आहेत. तेव्हा छातीत घुमणारा बेस मला हवाहवासा वाटत असे, आणि आजही वाटतो. रॉक हळू आवाजात ऐका असा उपदेश मी कोणालाच करत नाही. तो कोणी ऐकणारही नाही.

रंगभवनाची आठवण निघाली की मला आपल्या कायद्याची एक गंमत आठवते. इस्पितळे जवळ असल्याने ते आवार शांतता क्षेत्रात आले आणि तिथले कार्यक्रम थांबले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर एरवी उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या परिसरासाठी ठरवलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५ डेसिबलहून जास्त, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. नियम चांगले आहेत, पण ते कुंपणाबाहेर झोपलेल्या माणसाचा विचार करतात. कुंपणाच्या आत, स्पीकरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानात किती जाते, हे त्यांत कोणी विचारत नाही. शनिवारचा कार्यक्रम दहाच्या ठोक्याला बंद झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाजावर सतत लक्ष ठेवावे, प्रेक्षकांना इअरप्लग उपलब्ध असावेत आणि कानांना विसावा देण्यासाठी शांत जागा असावी, असे सांगितले आहे. आपल्या मैदानात यांतले काहीच नव्हते.

मुलाने फोनवरच्या ॲपचे एक छायाचित्र दाखवले, त्यात १०६ हा आकडा होता. फोनच्या मायक्रोफोनवर एवढ्या आवाजात भरवसा ठेवता येत नाही, तरी आपण तो खरा मानून हिशेब करू, असे म्हणून मी कागद ओढला. अमेरिकेतील निऑश या संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा अशी आहे की ८५ डेसिबल आठ तास चालतील, आणि तेथून दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होईल, कारण तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. शंभरला पंधरा मिनिटे उरतात, आणि १०६ ला पावणेचार. तो १८० मिनिटे उभा होता. भागाकार त्याने स्वतःच केला आणि म्हणाला, “अठ्ठेचाळीस दिवसांचा कोटा एका संध्याकाळी.”

त्याच दुपारी मी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. अशा धक्क्यानंतर स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो लवकर सुरू केल्यासच होण्याची शक्यता असते, म्हणून “पुढच्या आठवड्यात जाऊ” हे आईचे म्हणणे मी मान्य केले नाही. तज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. निदान दोन आठवडे गिटारला हात लावायचा नाही आणि इअरफोन तर मुळीच नाही, एवढे माझ्याकडून.

पुढच्या भेटीत मी त्याला इअरप्लग घालायला शिकवले. फोमचा प्लग नुसता कानात खुपसून भागत नाही. तो बोटांत वळून वातीसारखा बारीक करावा लागतो, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी लागते, म्हणजे कानाची नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायचा. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना तारांमुळे घट्टे पडले होते, त्यामुळे फोम वळताना निसटून तीनदा जमिनीवर पडला. चौथ्यांदा नीट बसला आणि तो पाहिजे त्याहून मोठ्याने म्हणाला, “आता सगळे गोधडीखालून आल्यासारखे वाटते.” ही तक्रार रास्त आहे. फोम उंच सूर जास्त कापतो आणि खर्ज कमी, त्यामुळे संगीत मंदावते. वादकांसाठी गाळणीचे इअरप्लग मिळतात, ते सर्व सुरांना साधारण सारखेच, पंधराएक डेसिबलने, उतरवतात. त्याने ते मागवले. कापसाचे बोळे मात्र निरुपयोगी असतात. ते घातल्याचे समाधान तेवढे मिळते.

फेब्रुवारीत मी त्यांच्या सरावाच्या खोलीवर ध्वनिमापक घेऊन गेले. घरामागची चिऱ्याची उघडी भिंत, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. झांज वाजली की आवाज तिथून बाहेर जाण्याचे नावच घेत नसे. ड्रमवर बसलेल्या मुलाच्या कानापाशी मापक १०५ दाखवत होता. आमच्या गिटारवाल्या मुलाचा ॲम्प्लिफायर जमिनीवर होता, म्हणजे त्याचा आवाज गुडघ्यांना ऐकू येत होता, कानांना नाही. स्वतःला ऐकू यावे म्हणून तो आवाज वाढवी, मग बेसवाला वाढवी, आणि ड्रमवाला आणखी जोरात बडवी. आम्ही ॲम्प्लिफायर खुर्चीवर चढवून त्याच्या डोक्याकडे तिरका केला आणि भिंतींवर घरातल्या दोन गोधड्या टांगल्या. आवाज ९६ वर आला आणि कोणाचे काही अडले नाही. ड्रमवाला थोडा रुसला, पण त्याने फोमचे प्लग घेतले.

मे महिन्यात तो तिसऱ्या चाचणीला आला. डाव्या कानाची खाच चार हजारांवर पंचावन्नवरून तिसावर आली होती आणि उजवा कान पूर्ववत झाला होता. दोन्ही कानांतल्या सुरांचा फरक आता त्याला शोधूनही सापडत नव्हता. फेब्रुवारीपासून आलेखात सुधारणा नव्हती, म्हणजे उरलेले तीस बहुधा तसेच राहणार, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याने मान डोलावली. रातकिडे अजून आहेत का, असे विचारल्यावर तो म्हणाला की दिवसा कळत नाही, रात्री समुद्राचा आवाज येतो तेव्हाही नाही, पण या खोलीत दार लावले की स्पष्ट ऐकू येतात.

“कुठला सूर आहे, तेही शोधून काढले,” तो म्हणाला. “पियानोच्या अगदी शेवटच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये. पाश्चात्त्य ‘बी’ सूर आहे, पण किंचित चढा.”

मी यंत्रावर सूर जुळवून पाहिला. ३,९५१ हर्ट्झला, म्हणजे नेमक्या ‘बी’ला, तो नको म्हणाला, मी हळूहळू वर नेत गेले, आणि ४,००० ला त्याने बटण दाबले.