आज पेजर वाजला!

धरमपेठेतल्या मित्राकडे दुपारभर बसलो होतो. त्याच्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ चालवण्याचा परवाना आहे, म्हणून त्याला मिळालेल्या फ्रिक्वेन्सींवर चालणारा जुना न्यूमरिक पेजर (रेडिओवरून आलेले फक्त आकडे दाखवणारं छोटं यंत्र) आम्ही सुरू केला. पेन्सिल सेल टाकला, घड्याळ लावलं, आवाजाऐवजी व्हायब्रेट ठेवलं. खरं काम कॅपकोडचं. पेजरचा पत्ता म्हणजे हा कोड. २१ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा २१ खुणांचा असतो, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर जवळजवळ २१ लाख पत्ते मावतात.

मला सगळ्यात आवडलं ते हे: पत्त्याचे शेवटचे ३ बिट ठरवतात की ८ फ्रेमपैकी, म्हणजे निरोप पाठवण्याच्या वेळेच्या ८ तुकड्यांपैकी, आपली कोणती. पेजर तेवढ्यापुरता जागा होऊन ऐकतो, बाकी वेळ झोपतो. म्हणून तर एक सेल कितीतरी आठवडे पुरायचा! एका कोडवर्डमध्ये, म्हणजे बिटांच्या एका ठरावीक गठ्ठ्यात, ५ आकडे बसतात, म्हणजे १० आकडी मोबाईल नंबर बरोब्बर दोन कोडवर्डमध्ये. सोबत चूक दुरुस्त करणारे बिटही जातात. किती नेटकं काम केलंय हो लोकांनी!

काका डॉक्टर होते, पेजर कायम कमरेला. काकूंनी ठरवून दिलं होतं: घरचा नंबर आणि पुढे १ म्हणजे सवडीने फोन करा, ९ म्हणजे लगेच. काका मग जवळचा एसटीडी बूथ गाठायचे. पेजरवरून उत्तर देता येत नसे, त्यामुळे काकांचा फोन येईपर्यंत निरोप पोचला की नाही हे काकूंना कळत नसे.

मित्राने तिकडून आकडे पाठवले आणि हातातला पेजर थरथरला. काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढच्या रविवारी काकूंना घेऊन जाणार आहे, पहिला ९ त्याच पाठवतील.