कडेचा तारा पसरतो, तो नेमका कुणामुळे?

दोन आयपीसमधला, म्हणजे दुर्बिणीत डोळ्याजवळ बसवायच्या भिंगांमधला, चांगला कोणता, हे ठरवायला एक रात्र पुरेल असं वाटलं होतं. लागल्या तीन. त्यातल्या दोन एकाच प्रश्नापायी गेल्या, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझी दुर्बीण २०० मिमी आरशाची, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एफ/६ (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास). आयपीस दोन्ही १० मिमीचे: एक प्लॉसल नावाचा साधा प्रकार, दुसरा रुंद क्षेत्राचा, म्हणजे एका वेळी जास्त आकाश दाखवणारा. दोन्हींत मॅग्निफिकेशन १२० पट. हे सारखं असायलाच हवं, नाहीतर जास्त मॅग्निफिकेशनमध्ये आकाश काळंभोर दिसतं आणि तोच आयपीस उजवा वाटतो. मध्यभागी दोघांत मला काडीचाही फरक दिसला नाही.

घोडं अडलं ते कडेला. रुंद आयपीसमध्ये तारा कडेला सरकला की पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसायचा. सगळेजण ‘कडा खराब’ एवढं सांगून मोकळे होतात. पण खराब कुणामुळे? आरशामुळे, आयपीसमुळे की डोळ्यामुळे?

आधी कडेच्या ताऱ्यावरच पुन्हा फोकस केला. तारा टिंबासारखा झाला असता, तर दोष फक्त क्षेत्राच्या वक्रतेचा, म्हणजे मध्य आणि कडा एकाच वेळी फोकसमध्ये न येण्याचा, ठरला असता. झाला नाही. मग कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत बसलेत का, ते तपासण्यात तासभर घालवला, तरी पक्षी तसाच. दुसऱ्या रात्री फोकस अगदी सावकाश आत-बाहेर फिरवला, तेव्हा कुठे उलगडा झाला. एका बाजूला आडवी रेघ, दुसऱ्या बाजूला उभी! हा अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे आडव्या आणि उभ्या दिशेचा प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर फोकस होणं. आरशाचा कोमा, म्हणजे कडेच्या ताऱ्याला धूमकेतूसारखं शेपूट फुटणं, असा वळत नाही, त्याचं शेपूट कायम बाहेरच्या कडेकडे असतं. प्लॉसलमध्ये कडेच्या ताऱ्यालाही रेघ नव्हती, म्हणजे आरसाही सुटला.

उरला डोळा. मान तिरकी करून पाहिलं, रेघ जागची हलली नाही. दोष आयपीसचाच. पण २५ मिमीचा आयपीस लावला तर मध्यावरच्या ताऱ्यालाही टोक फुटलेलं, आणि मान वळवली की तेही वळायचं! हा माझ्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर. आयपीसचे २५ मिमी भागिले एफ/६ मधले ६, म्हणजे जवळपास ४.२ मिमी जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो आणि नंबर उघडा पडतो. १० मिमीमध्ये झोत १.७ मिमीचाच, म्हणून तिथे तो जाणवला नव्हता. चष्मा लावला, टोक गेलं. तेव्हा मान वळवून पाहिल्याशिवाय आयपीसला नावं ठेवू नका.

क्षेत्र मोजणं त्यामानाने सोपं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे, त्यातला आधी उगवणारा खगोलीय विषुववृत्तालगत आहे. दुर्बीण न हलवता तो मध्यातून या कडेपासून त्या कडेला जाऊ दिला: प्लॉसलमध्ये १०१ सेकंद, रुंदमध्ये १३५. असा तारा चार सेकंदांत एक कला (अंशाचा साठावा भाग) सरकतो, म्हणून चाराने भागलं की कला मिळतात, सुमारे २५ आणि ३४. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणून प्लॉसलमध्ये तो मावत नाही.

आणि हो, आरसा तासभर आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे तो बाहेरच्या हवेइतका थंड होतो. पहिल्या रात्री मी ठेवला नव्हता, आणि तारे उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसत होते. तुलनाही एकाच रात्री, आयपीस आलटून पालटून लावून करा. उद्याची हवा आजच्यासारखी नसते.

रुंद आयपीस मी ठेवून घेतला आहे. प्लॉसलमध्ये पापण्या काचेला टेकतात, यात डोळा मोकळा राहतो, आणि अख्खा चंद्र भोवतीच्या काळ्या आकाशासकट दिसतो.