सरांनी उलगडलेला 'सेट'

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. त्यातही माझ्याकडे कोर्टाची कागदपत्रे जास्त येतात. हे काम मी कुठे शिकले असे कोणी विचारले, तर मी पदवीचे नाव सांगत नाही. नववीतला इंग्रजीचा तास सांगते, आणि त्या तासाला आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलेला एक शब्द सांगते. तो शब्द होता 'सेट'.

सर म्हणत, "मुलांनो, मोठ्या शब्दांना भिऊ नका. मोठा शब्द स्वभावाने सरळ असतो." 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण, एकदा समजले की संपले. इंग्रजीचा खरा जीव 'सेट', 'गेट', 'पुट', 'रन', 'टेक' असल्या तीन-चार अक्षरी शब्दांत आहे आणि आपली गाडी अडते तीही तिथेच, हे त्यांचे ठाम मत होते. इतकी वर्षे या व्यवसायात काढल्यावर मला त्यात एका शब्दाचाही बदल करावासा वाटत नाही.

मग त्यांनी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची हकीकत सांगितली. त्या कोशाचे संपादक जेम्स मरे हे लंडनजवळच्या मिल हिल इथल्या शाळेत शिक्षक होते. शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारून त्यांनी हे काम सुरू केले. १८७९ साली त्यांनी वाचकांना आवाहन केले, की पुस्तके वाचा, एखादा शब्द ज्या वाक्यात भेटेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवून द्या. चिठ्ठ्या लाखांनी आल्या. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. मरे त्याआधीच, १९१५ साली गेले होते. पुढे १९८९ मध्ये याच कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती : ४३० च्या आसपास अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर. एक शिक्षक असे काम उभे करू शकतो, हे सांगताना सरांचा आवाज भरून येई, आणि आम्ही सगळे गप्प होऊन ऐकत असू.

मरेंनी जे वाचकांकडून करून घेतले, तेच सरांनी आमच्याकडून करून घ्यायला सुरुवात केली. जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या. 'सेट' असलेले वाक्य दिसले की ते जसेच्या तसे उतरवायचे, अर्थ मात्र लिहायचा नाही, हा नियम. अर्थ लिहिला की डोळे वाक्यावरून उडतात, असे ते म्हणत. चिठ्ठ्या साठल्या की बाकांवर पसरायच्या आणि कोणती चिठ्ठी कोणाशेजारी बसते यावर वाद घालायचे. एका गठ्ठ्यात सूर्य, दुसऱ्यात सिमेंट, तिसऱ्यात मोडलेले हाड. गजराचे घड्याळ, शिकाऱ्याचा सापळा, अंगठीतला हिरा, परीक्षेचा पेपर, धावण्याचा विक्रम, टेनिसचा सामना, सिनेमाचा देखावा... इतक्या निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात कशा राहतात, हे आम्हाला कोडेच होते.

सरांनी ते सोडवले ते मराठीतून. फळ्यावर त्यांनी दोन शब्द लिहिले, 'बसणे' आणि 'बसवणे'. मग त्यांच्याखाली 'सिट' आणि 'सेट'. इंग्रजीतला 'सेट' हा मुळात 'सिट'चे प्रयोजक रूप आहे. आपण 'व' घालून जे करतो, ते जुन्या इंग्रजीने आतला स्वर बदलून केले. 'फॉल'वरून 'फेल', म्हणजे झाड पाडणे, 'राइज'शेजारी 'रेझ', म्हणजे उचलणे, तसेच हे. एवढे कळले आणि निम्मे गठ्ठे आपोआप एकत्र आले. डॉक्टर हाड बसवतात, सोनार खडा बसवतो, दोन्हीकडे इंग्रजीत 'सेट'च. सूर्यसुद्धा त्यातच आला. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेटलगांग' असा शब्द होता, त्याचा अर्थ आसनाकडे जाणे. दिवसभर चालून सूर्य आपल्या जागी बसायला निघाला, ही कल्पना आजच्या 'सनसेट'मध्ये अजून आहे, फक्त ती कोणाला दिसत नाही. सिमेंटचेही तसेच. ते सुटे, वाहते होते, ते जागच्या जागी बसले आणि घट्ट झाले.

काही गठ्ठे मात्र 'बसवणे'पाशी यायला तयार नव्हते. टेनिसचा सेट, पुस्तकांचा सेट, कपबशांचा सेट, गणितातला सेट. सरांनी सांगितले, हा 'समूह' अर्थाचा शब्द दुसऱ्याच घरातून आलेला आहे. तो फ्रेंचमधून आला, आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'सेक्टा' या शब्दात आहे, म्हणजे एखाद्याच्या मागून जाणारी मंडळी, पंथ. 'सेक्ट' हा शब्दही तिथलाच. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द उच्चाराने सारखे झाले, एकमेकांत मिसळले आणि आता कोशकारालाही त्यांच्यातली रेघ जपून ओढावी लागते. गणिताच्या बाईंनी त्याच सुमारास आम्हाला संच शिकवायला घेतले होते. गेऑर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात या कल्पनेवर गणिताची एक शाखाच उभारली, हे त्यांच्याकडून कळले. बाईंचा संच आणि सरांचा सेट एकच, हे लक्षात आले तेव्हा आमच्या वर्गाला झालेला आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

यानंतर मराठीची परीक्षा सुरू झाली, आणि माझ्या दृष्टीने हा भाग सगळ्यांत मोलाचा. प्रत्येक चिठ्ठी मराठीत आणायची, पण मराठी माणूस जे म्हणेल तेच लिहायचे. 'बसवणे' थोडा वेळ पुरले. मग गजर लावतात, सापळा लावतात, आग लावतात, कवितेला चाल लावतात. पेपर काढतात. तारीख ठरवतात. अट घालतात. उदाहरण घालून देतात. पाऊल ठेवतात. कैद्याला मुक्त करतात. इंग्रजी एका शब्दावर जे निभावते, त्यासाठी मराठी डझनभर क्रियापदे कामाला लावते आणि प्रत्येक जागेचा मान वेगळा ठेवते. 'विक्रम सेट केला' असे आज सर्रास ऐकू येते. मला ते खटकते. विक्रम करावा, नोंदवावा, प्रस्थापित करावा. शब्द घरात असताना उसना कशाला आणायचा?

त्याच चिठ्ठ्यांतून आणखी एक गोष्ट वर आली. 'सेट इन' म्हणजे एखाद्या गोष्टीची सुरुवात होऊन ती मुक्काम ठोकते, एवढे आम्हाला माहीत होते. पण चिठ्ठ्या एकाखाली एक मांडल्या, तर सगळीकडे कुजणे, जंतुसंसर्ग, निराशा, घबराट, कडाक्याची थंडी. सुख 'सेट इन' झालेले जवळजवळ कुठेच नाही! सर इतके खूश झाले, की त्यांनी ती पाने शिक्षकांच्या खोलीत नेऊन दाखवली. पुढे अभ्यासात मला कळले, की जॉन सिंक्लेअर या भाषाशास्त्रज्ञाने संगणकात साठवलेल्या प्रचंड मजकुरातून नेमके हेच निरीक्षण मांडले होते. शब्दाला अर्थाखेरीज एक संगतही असते, आणि ती कोशाच्या ओळीत न दिसता वाक्यांच्या राशीत दिसते.

माझ्या कामात रोज भेटतो तो 'सेट असाइड'. एखाद्या खर्चासाठी पैसे 'सेट असाइड' केले, म्हणजे ते राखून ठेवले. वरिष्ठ न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश 'सेट असाइड' केला, म्हणजे तो रद्द ठरवला, त्यात काही उरले नाही. एकीकडे जपणे, दुसरीकडे संपवणे. 'आदेश बाजूला ठेवला' असे मराठीत लिहिले, तर पक्षकाराला वाटेल की त्याचा विचार नंतर होणार आहे. अशा जागी माणसाचे घर, जमीन, सुटका पणाला लागलेली असते. म्हणून तो शब्द समोर आला की मी आजही आधी अख्खे वाक्य वाचते, मग मागचे-पुढचे वाचते आणि त्यानंतरच लेखणी उचलते. ही सवय सरांची.

ऑक्सफर्डच्या कोशात आता 'सेट'चा पहिला नंबर राहिलेला नाही. सुधारित आवृत्तीचे काम करताना २०११ मध्ये संपादकांना 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मिळाले. यंत्रे आली, कारखाने आले, संगणक आले, आणि ते सगळे इंग्रजीत 'धावू' लागले. मराठीत यंत्र चालते, दुकान चालते, कार्यक्रम चालतो. नववीला हा एक चांगला तक्ता होईल.

पण शाळेला माझी खरी विनंती निराळी आहे. महोत्सवी वर्षात मुलांनी चिठ्ठ्यांचा उपक्रम पुन्हा सुरू करावा आणि या वेळी शब्द मराठी घ्यावा. माझ्या मते तो 'लागणे' असावा, कारण 'सेट'च्या तोडीचा तोच आहे. पहिल्या चिठ्ठ्या माझ्याकडून घ्या : तहान लागली. ठेच लागली. निकाल लागला. नोकरी लागली. डोळा लागला. सूर लागला. छडा लागला. यायला वेळ लागला. दार लागले. दृष्ट लागली. तो माझा मामा लागतो. मला जावे लागले. यातल्या कोणत्या चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात बसतात, ते मुलांनी भांडून ठरवावे, आणि ठरले की मला जरूर कळवावे.