त्यांचा पाचवा, आमची सम

बेळगावच्या शहापुरात आमच्या भजनाला मी चौदा वर्षं पेटी धरते. तबल्याला माझे काका, वय ७२. तरुणपणी ते मुंबईत कामाला होते. १९७८ साली तिथल्या पहिल्या जॅझ यात्रेत, म्हणजे जॅझच्या महोत्सवात, सॉनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला, तो अजून त्यांच्या कानात आहे. त्यामुळे कॅम्पातल्या एका कॅफेच्या माडीवर गोव्याहून चौघं जॅझ वाजवायला येणार म्हटल्यावर तिकिटं काढायचा हुकूम त्यांचाच.

खुर्च्या चाळीसेक. बाहेर जुलैचा पाऊस. आम्ही पुढं बसलो, ड्रमवाल्यापासून दोन हातांवर. सॅक्सोफोनवाला श्वास घेई तो ऐकू येई, चाव्यांची टकटकसुद्धा. माणसाहून उंच डबल बास, चार तारा, बोटांनी छेडायच्या. त्याचा खर्ज कानाआधी तळपायाला लागायचा, माडी लाकडी ना.

पहिल्या दोन रचनांची रीत लवकर कळली. आधी सगळ्यांनी मिळून धून, मग तिच्याच कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, आवर्तनांवर एकेकाची बढत, शेवटी परत धून.

तिसरी सात मात्रांची निघाली. मी खूश! मांडीवर आपला सात मात्रांचा रूपक ताल धरला: ती ती ना, धी ना, धी ना. जुळेना. त्यांचा जोर आणि माझी खाली, म्हणजे टाळी न देता हलकी सोडायची मात्रा, एकमेकांवर आदळत होती. काका कानाशी आले, "अगं, पहिल्यापासून धरलीस तू. पाचव्यापासून धर की."

धरलं, आणि सगळं जागच्या जागी बसलं. ते मोजत होते दोन-दोन-तीन, आपला रूपक तीन-दोन-दोन. त्यांचा पाचवा म्हणजे आमची सम, तालाची पहिली मात्रा. आणि त्यांचा पहिला, जिथं सगळे मिळून जोर देत, तो नेमका आमच्या चौथ्या मात्रेवर, पहिल्या टाळीच्या धीवर! रूपकाची सम खालीच्या मात्रेवर असते, वजन पुढं टाळीवर येतं, हे काका मला वर्षानुवर्षं सांगत आलेत. अंगात उतरलं ते त्या रात्री.

मग ड्रमचा सोलो. सॅक्सोफोनवाला बाजूला सरला. कीबोर्ड आणि बास यांनी एकच छोटी सुरावट फिरवत ठेवली. हा तर लेहरा! काकांच्या एकलवादनाला मी तासभर लेहरा धरते, तेव्हा लोकांना वाटतं ही नुसती बसलीय. कीबोर्डवाल्याची नजर ड्रमवाल्याच्या मनगटावरून हलली नाही. ड्रमवाला आडलयीत, म्हणजे दीडपटीत, शिरला, टाळ्या पडल्या, ऐकणाऱ्यांतल्या एक-दोघांचा ठेका चुकला. या दोघांची लय तसूभर सरकली नाही. काड्या हळू झाल्या की त्यांचा आवाजही तितकाच खाली. हे काम किती जागं राहून करावं लागतं ते मला माहीत आहे. मुखड्यावर आल्यावर ड्रमवाल्यानं काडीनं त्या दोघांकडे बोट केलं, आणि मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर काका थेट ड्रमवाल्याकडे. त्यानं 'टू-टू-थ्री' म्हणून दाखवलं, काकांनी रूपक पढून. दोघांत भाषा तोडकीमोडकी, काम टेबलावरच्या बोटांनी चाललेलं. खाली कॅफेवाल्यानं शटर अर्धं ओढलं. "काका, चला वो आता," मी म्हटलं.

"थांब गं. याला खाली दाखवायची राहिली."