‘वनस्पतीजन्य’ म्हणजे नक्की कुठली वनस्पती?

लेकीला वाटाण्याची ॲलर्जी आहे हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं, एवढंच ना, वाटाणे द्यायचे नाहीत! दाणा डोळ्यांना दिसतो, ताटातून वेचून बाजूला काढता येतो.

मग एकदा तिने दूध नसलेलं आइस्क्रीम खाल्लं. दहा मिनिटांत ओठ सुजले, गळ्याभोवती गांधी उठल्या. वेळेवर औषध मिळालं म्हणून निभावलं. रात्री तो रिकामा डबा मी कचऱ्यातून परत काढला. घटकांमध्ये फक्त ‘वनस्पतीजन्य प्रथिने’ लिहिलं होतं. कंपनीला विचारल्यावर उत्तर आलं: वाटाण्याची.

वाटाण्याचं प्रथिन पाण्यात मिसळलं की तेल-पाणी धरून ठेवतं, फेस टिकवतं. म्हणून अंडं किंवा दूध वगळलं की त्या जागी ते सहज वापरता येतं. शेंगदाणा, सोयाबीन यांची नावं बऱ्याच देशांत पाकिटावर द्यावीच लागतात. पण युरोपच्या १४ ॲलर्जनांच्या यादीत ल्युपिन नावाची शेंगवर्गीय वनस्पतीसुद्धा आहे, वाटाणा मात्र नाही. माझा जीव अडकतो तो इथेच.

त्यानंतर मी घरातलं प्रत्येक पाकीट वाचायला बसले. ब्रेड, सूप, सॉस, चॉकलेट, सगळं. घटकांच्या यादीत काही पदार्थांच्या जागी नुसते आकडे, म्हणजे त्यांचे ठरलेले क्रमांक असतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. हे नाव अंड्याच्या बलकासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं, पण पाकिटातलं लेसिथिन बहुतेक वेळा सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं असतं. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा गम, म्हणजे पदार्थ दाट करणारा डिंक, ४१० कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांचा. ही दोन्ही झाडं वाटाण्याच्याच कुळातली, हे वाचून माझे हातपाय गळाले होते. डॉक्टरांनी समजावलं की कूळ एक असलं म्हणजे ॲलर्जी असेलच असं नाही. आधी तपासू, मगच बंद करू. हे ऐकलं नसतं तर भीतीपोटी मी पोरीचं अर्धं खाणं तोडलं असतं. ४०७, कॅराजीनन, लाल समुद्री शेवाळापासून काढतात. त्याची आम्हाला अडचण नाही.

हे पदार्थ वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पेक्टिनशिवाय जॅम धरत नाही, आणि ते फळांचंच असतं. माझं भांडण त्या एका मोघम शब्दाशी आहे. ‘वनस्पतीजन्य’ वाचून बाकीच्यांना बरं वाटत असेल. मला धडकी भरते. तिथे ‘वाटाणा’ हा एक शब्द छापायला किती जागा लागणार?

नेहमीचं पाकीटही मी दर वेळी नव्याने वाचते, कारण वरचं चित्र तेच ठेवून आतले घटक बदललेले मी पाहिलेत. शंका आली की कंपनीला एकच ओळ लिहिते: यातलं प्रथिन कोणत्या झाडाचं? उत्तर येईपर्यंत ते पाकीट वरच्या फळीवर बंद राहतं.