बाईंच्या सात सुया

नगरला, म्हणजे आता पाटीवर अहिल्यानगर पण आमच्या तोंडात नगरच, माहेरच्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहतात. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली तरी भाजीवाला पण बाईच म्हणतो आणि सून सुद्धा आई म्हणता म्हणता मधेच बाई म्हणून जाते.

मराठी शाळा, चौथीपर्यंतची. आजीपासून घरात मास्तरकी आणि त्याचा बाईंना भारी अभिमान. नगरचं तसं या बाबतीत जुनं खातं आहे, १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन इथं आलं, पुढे सिंथिया फरार नावाच्या मिशनरी बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला त्यांच्याकडेच आल्या होत्या. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. हे सगळं बाई असं सांगतात की वाटावं फरारबाई मागच्या गल्लीत राहायच्या आणि परवाच गिरणीत दळणाच्या रांगेत भेटल्या होत्या.

रविवारी सकाळी कडक इस्त्रीची साडी, बगलेत पवित्र शास्त्र आणि गीतपुस्तक, की निघाल्या उपासनेला. वाटेत कुणी जुना विद्यार्थी 'सलाम बाई' म्हणाला की सलामला सलाम, आणि लगेच 'मागच्या रविवारी दिसला नाहीस?' हजेरी घ्यायची सवय, काय करणार. त्या दिवशी सुईला हात लावायचा नाही हा नियम. नोकरीत होत्या तेव्हा बाकी सहा दिवस मात्र शाळा सुटली, चहा झाला की पडवीत गोधडी अंथरलेलीच.

गोधडी म्हणजे हल्ली ऑनलाइन मिळते ती मापात कापलेल्या चौकोनांची गोड वस्तू नव्हे हं. खाली मऊ झालेलं जुनं लुगडं, मधे धोतरं, फाटक्या चादरी, पोरांच्या खाकी चड्ड्या उसवून सपाट केलेल्या, वर बरी दिसणारी साडी, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून सगळं ताणून घ्यायचं आणि मग कडेपासून धावदोरा घालत घालत, चौकोनाच्या आत चौकोन करत मधे यायचं. बाईंचा टाका तांदळाएवढा. शिवता शिवता त्या स्वतःच गोधडीवर बसून सरकत सरकत मधे जायच्या, शेवटी शेवटी तर चारी बाजूंनी शिवून झालेलं आणि मधे बेटावर बसल्यासारख्या बाई.

डोळ्याला चष्मा, ओवायला नीट दिसायचं नाही, म्हणून संध्याकाळी गल्लीतली आम्ही पोरं. सुया सात. एक सुई ओवली की एक लिमलेटची गोळी, पण गोळी हातात पडायची ती पाढा म्हटल्यावर. साधेसुधे पाढे नाहीत, कधी दीडकी, कधी अडीचकी. माझ्या वाट्याला कायम एकोणतीस यायचा आणि एकोणतीस सातीपाशी माझी गाडी हमखास अडायची, गोळी समोर दिसतेय, तोंडाला पाणी सुटलंय आणि आकडा काही येत नाहीये.

काळोख पडला की सुया मोजायच्या. सहलीहून परत येताना एसटीत पोरं मोजतात ना तशा, एकदा इकडून एकदा तिकडून, सात भरल्या की मगच डबी बंद. एकदा सहाच भरल्या तर आम्ही सगळी पोरं बॅटरी घेऊन तासभर पडवी शोधत होतो, शेवटी सापडली ती बाईंच्याच पदराला टोचलेली. ओरडा मात्र आम्ही खाल्ला.

दरवर्षी एक गोधडी चर्चच्या कापणीच्या सणाला जायची. तिथं भोपळे, कोंबड्या, अंडी सगळ्याचा लिलाव होतो, एकेक नारळ काय भावाला जातो ते बघण्यासारखं असतं. बाईंच्या गोधडीला दोन घरांत चढाओढ लागायची आणि बाई मान खाली घालून बसायच्या, पण कान सगळे तिकडेच.

कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या समाजाच्या, बायका कौदी म्हणजे गोधडीच शिवतात, त्यातल्या ख्रिस्ती बायका तिच्यावर क्रॉस पण शिवतात असं मी कुठंतरी वाचून कौतुकाने बाईंना सांगायला गेले. तुम्ही का नाही कधी शिवला? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. 'अगं, अंगावर घ्यायची वस्तू. रात्री पोरं लाथा मारतात, क्रॉस पायाशी जायचा.' विषय संपला.

माझ्या लग्नात त्यांनी गोधडीच दिली. मिक्सर, घड्याळं, डिनर सेट सगळं कुठं कुठं गेलं पण गोधडी आहे. परवा ऊन चांगलं पडलं म्हणून धुवायला काढली (ओली गोधडी एकटीने पिळून दाखवा कुणी, मी हरले) आणि कडेची मगजी एका कोपऱ्यात उसवली होती ती बघायला गेले तर आत काहीतरी कडक लागलं. सुई. गंजून काळी झालेली, आणि तिच्यात वीतभर दोरा अजून तसाच ओवलेला. अठरा वर्षं आम्ही तिच्यावर झोपतोय.

म्हणजे ही गोधडी शिवली त्या दिवशी सहाच भरल्या असणार. किंवा बाईंनी सातवी नवीन आणून डबीत टाकली आणि कुणाला कळू दिलं नाही, हे पण त्यांना शोभेल.

पुढच्या महिन्यात नगरला जायचंय. सुई कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलीय, पण दाखवायची का नाही ते ठरत नाहीये. दाखवली तर बाई ती हातात घेऊन नीट बघणार आणि आधी मलाच विचारणार, एकोणतीस साती किती?

दोनशे तीन. पाठ करून ठेवलंय.